गुरांचा डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षं कशाला?

खानापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं विचारलं आहे: "मुलगी बारावी झाली, नीटमध्ये बरे मार्क पडलेत. शिरवळला जाऊन जनावरांची डॉक्टर व्हायचं म्हणते. चुलते म्हणतात, गावात दोघंजण जनावरांना इंजेक्शनं देतातच की, दहावीनंतर कोर्स करून आलेत. आजोबांच्या काळात तर तेही नव्हते, म्हाताऱ्यांनी डाग देऊन जनावरं जगवली. मग साडेपाच वर्षं कशाला घालवायची, ते पण पोरीनं? हा पेशा मुळात आला कुठून? आणि जाता जाता, आमच्या बैलाचा खांदा सुजलाय. डाग देऊ का?"

दादा, खांद्याचं आधी सांगतो, कारण बाकीचं दोन दिवसांनी वाचलं तरी चालेल.

डाग देऊ नका. बैल आजपासून जुवाला धरू नका. सूज ताजी आणि हाताला गरम लागत असेल तर पहिले दोन दिवस गार पाण्याच्या घड्या ठेवा. त्यानंतर कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट घालून शेका. बोटानं दाबून बघा. एखाद्या जागी मऊ लागलं तर आत पू असू शकतो. तिथं घरी ब्लेड लावायचं नाही, डॉक्टर आधी सुई घालून बघतील आणि मगच फोडतील. गाठ महिनोन्महिने टणक राहिली असेल तर तो वेगळा मामला, तिला कधी कधी शस्त्रक्रिया लागते. आणि जू तपासा. ते एका बाजूला झिजलं असेल, किंवा जोडीतल्या दोन बैलांच्या उंचीत फरक असेल, तर कितीही औषध केलं तरी खांदा पुन्हा येणार.

मग डाग देऊन पूर्वी बैल बरे कसे होत? होत होते, ते मीही पाहिलं आहे. डागामुळे तिथं नवी जखम होते, रक्त धावतं. पण त्याहून मोठं कारण असं की डागलेल्या बैलाला जखम भरेपर्यंत कुणी कामाला लावत नसे. बरं केलं ते विश्रांतीनं, नाव झालं तापल्या विळ्याचं. पोटात खिळा गेलेल्या जनावराला किंवा हाड मोडलेल्या जनावराला डाग दिला की मात्र काहीच हाती लागायचं नाही. दुखणं तसंच, वर चामडं जळालेलं.

एवढ्यावरून जुन्या माणसांना काही कळत नव्हतं असं समजू नका. माणदेशात नोकरीला लागलो तेव्हा धनगर वाड्यांवरच्या म्हाताऱ्यांकडून मी जे शिकलो ते मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजच्या वर्गात मिळालं नव्हतं. कळपातली कुठली मेंढी उद्या आजारी पडणार हे ते आज तिच्या चालण्यावरून सांगत. कोवळा घास खाऊन पोट फुगलेल्या जनावराला गोडेतेल पाजायची रीत आपल्याकडं जुनी आहे, आणि ती शास्त्राला धरून आहे. अशा पोटफुगीत वायू फेसात अडकलेला असतो, तेलानं फेस मोडतो आणि ढेकर बाहेर पडतो. फक्त पाजताना जनावराची मान वर ताणली की तेल फुप्फुसात उतरतं आणि पोटफुगीतून वाचलेलं जनावर निमोनियानं जातं. रीत बरोबर होती, ती कुठं उलटते हे लिहून ठेवलेलं नव्हतं.

लिहिलेलं होतं ते राजांच्या जनावरांसाठी. शालिहोत्राच्या नावावर घोड्यांचं वैद्यक आहे, पालकाप्याच्या नावावर हत्तींचा आयुर्वेद आहे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि पशूंच्या, अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचं कोरलेलं आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एका राजाला हे जाहीर करावंसं वाटलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पुढं मराठ्यांच्या पागांमध्ये भीमथडी तट्टांची पारख करणारी, नाल मारणारी, जखमा बांधणारी जाणती माणसं होती. पण सैन्याचा घोडा आणि राजाचा हत्ती सोडला तर कुळवाड्याच्या बैलासाठी गावातला नालबंद, फिरता वैदू आणि घरातला म्हातारा एवढेच. त्यांचं ज्ञान त्यांच्या हातात होतं. माणूस गेला की ते त्याच्याबरोबर जाई.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडं येतो. वरवर तो वर्षांचा प्रश्न दिसतो. तुम्हाला खरं विचारायचंय ते हे, असं मला वाटतं: ज्याचा हात चांगला आहे असा माणूस आणि डॉक्टर, यांच्यात फरक काय? इंजेक्शन दोघंही देतात. शीर दोघांनाही सापडते, अनुभवी पर्यवेक्षकाला, म्हणजे तुमच्या गावातल्या दोघांसारख्या कोर्स केलेल्या माणसाला, तर नव्या डॉक्टरपेक्षा लवकर सापडते. या प्रश्नाचं उत्तर पेशा कसा जन्मला त्यात आहे, म्हणून थोडं मागं जावं लागेल.

एका आजारी गाईला बरं करायला लोकांनी महाविद्यालयं काढली नाहीत. एक गाय गेली तर घर रडतं, सरकार हलत नाही. सरकार हललं ते बुळकांडीनं. तुमच्या आजोबांना हे नाव नक्की माहीत असेल. ताप, डोळ्यांतून आणि नाकातून गळणारं पाणी, तोंडात साल निघालेले फोड, मग पाण्यासारखी घाण वास येणारी हगवण, आणि आठवड्याभरात जनावर आडवं. आधी कधी हा रोग न आलेल्या भागात तो शिरला की दहातली आठ-नऊ जनावरं न्यायचा. गावात बुळकांडी आली की पेरणीला बैल उरत नसे. त्यावर म्हाताऱ्याचा हात चालत नव्हता, डाग चालत नव्हता. लोक मरीआईला साकडं घालायचे, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

अठराव्या शतकात हाच रोग युरोपभर पुन्हा पुन्हा फिरत होता. फ्रान्समध्ये लिऑन शहरात क्लोद बुर्जला नावाचा गृहस्थ घोडेस्वारीची शाळा चालवायचा. त्याला १७६१ मध्ये राजाकडून पशुवैद्यक शिकवण्याची शाळा काढायची परवानगी मिळाली आणि १७६२ मध्ये ती सुरू झाली. जगातली ही पहिली. तिथले विद्यार्थी शिकत असतानाच साथीच्या गावांत पाठवले गेले. चार वर्षांच्या आत पॅरिसजवळ आल्फोर्टला दुसरी शाळा निघाली, लंडनला १७९१ मध्ये. लंडनच्या कॉलेजनं मात्र बराच काळ घोड्यापलीकडं फारसं पाहिलं नाही, कारण पैसा आणि फौज दोन्ही घोड्यावर उभी होती.

आपल्याकडं इंग्रजांनी तीच वाट धरली. १८६२ मध्ये पुण्यात पशुवैद्यकाची शाळा निघाली ती लष्करासाठी. गुरांकडं लक्ष गेलं ते साथींनी शेतसाऱ्यावर परिणाम होऊ लागल्यावर. गुरांच्या साथी तपासायला हॅलन नावाच्या लष्करी पशुवैद्याच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला, त्याचा अहवाल १८७१ चा आहे. त्यानंतर हळूहळू गोष्टी उभ्या राहिल्या. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय झालं आणि त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. १८८९ मध्ये पुण्यात जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली. पण बुळकांडीसारख्या रोगाचं काम वस्तीत बसून करणं धोक्याचं, म्हणून ती १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजची इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था तिचाच विस्तार. मुक्तेश्वरलाच १९२० च्या दशकात एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांतून पुन्हा पुन्हा नेऊन सौम्य केला आणि त्याची लस बनवली.

एक गोष्ट आपल्या लोकांना फारशी माहीत नसते. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची जनावरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी बेल्जियममध्ये उतरली. त्या धक्क्यातून १९२४ मध्ये २८ देशांनी पॅरिसमध्ये पशुरोगांची जागतिक संघटना स्थापन केली. आपल्या देशातली गुरं त्या इतिहासात अशी आहेत. त्या संघटनेचं पहिलं तत्त्वच असं की तुमच्या देशात रोग आला तर तो लपवायचा नाही, सगळ्यांना कळवायचा.

"कळवायचा" हा भाग लक्षात ठेवा, पेशाचा कणा तिथं आहे. चांगला हात असलेला माणूस समोरच्या जनावराला आणि त्याच्या मालकाला बांधील असतो. डॉक्टर त्यांना बांधील असतोच, शिवाय शेजारच्या गोठ्याला, पुढच्या गावाला आणि दूध पिणाऱ्या माणसालाही बांधील असतो. कधी कधी या दोन बांधिलक्या एकमेकींच्या आड येतात. तेव्हा काय करायचं हे शिकायला वेळ लागतो.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. खटाव तालुक्यात एका वस्तीवर खिलार बैल सकाळी मेलेला सापडला. आदल्या संध्याकाळी चांगला वैरण खाल्लेला. मी पोचलो तोवर पोट टम्म फुगलं होतं, नाकातून आणि शेणाच्या वाटेनं काळपट रक्त आलेलं, आणि ते गोठलेलं नव्हतं. पाय कडक व्हायला हवे होते, तेही नीट झालेले नव्हते. बैलाचा विमा होता. मालकाला पोस्टमॉर्टेम हवं होतं, नाहीतर पैसे अडकतील ही त्याची भीती. कातडं सोलायला माणसंही येऊन बसली होती. मी जनावर उघडायला नकार दिला आणि कुणाला हातही लावू दिला नाही. काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, संशय असताना जनावर फाडलं की आतले जंतू हवेशी येतात, त्यांचे बीजाणू बनतात आणि ते त्या मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतात. त्या शिवारात पुढच्या पिढीचीही जनावरं मरतात, आणि सोलणाऱ्या माणसालाही रोग होतो.

मी हातमोजे घालून कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, कान तिथंच बांधला, नाकात आणि मागच्या वाटेत औषधात बुडवलेला कापूस भरला. मालक माझ्यावर इतका संतापला होता की बोलत नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या रंगात चौकोनी टोकांच्या कांड्या आणि त्यांच्याभोवती गुलाबीसर वेष्टण दिसलं, तेव्हा शंका उरली नाही. बैल खोल खड्ड्यात पुरला, आसपासच्या गावांतल्या जनावरांना लस टोचली, तालुक्याला आणि आरोग्य खात्याला कळवलं. विम्यासाठी तपासणीचा अहवाल जोडून मी दाखला लिहून दिला. हे सगळं करताना मी एकाही जनावरावर उपचार केला नाही. तरी नोकरीतलं माझं हे सगळ्यात पक्कं काम होतं असं मी मानतो.

हेच बुळकांडीच्या बाबतीत देशभर झालं. १९५४ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, लाखो जनावरांना गावोगाव लस दिली. शेवटच्या टप्प्यात काम उलटं झालं. लसीकरण थांबवायचं, आणि रोग कुठं लपून राहिलाय का ते घरोघरी फिरून शोधायचं. लस चालू असेपर्यंत रोग खरंच गेला की फक्त दबलाय हे कळत नाही. आम्ही तरुण अधिकारी वाड्यावस्त्यांवर, बाजारात, यात्रांत विचारत फिरायचो: तोंड आलेलं आणि हगवण लागलेलं जनावर कुणी पाहिलंय का? खरसुंडीच्या आणि पुसेगावच्या यात्रेत जनावरांच्या ओळीतून फिरून तोंडं उघडून बघणं हे आमचं काम होतं. लाळ्या-खुरकूत निघाली तर तीही नोंदवायची. भारतात बुळकांडीचा शेवटचा उद्रेक १९९५ चा. २००६ मध्ये देश रोगमुक्त जाहीर झाला आणि २०११ मध्ये सगळं जग. देवीच्या रोगानंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसराच रोग. तुमच्या मुलीनं बुळकांडीचं जनावर पाहिलेलं नाही आणि कधी पाहणारही नाही. ज्यांच्यामुळे हे झालं त्यात पदवीधर होते, पर्यवेक्षक होते, मलमपट्टी करणारे ड्रेसर होते, आणि मान खाली न घालता "होय, माझ्या गोठ्यात आजार आहे" असं सांगणारे शेतकरीही होते.

इथवरचं थोडक्यात: उपचाराची कला जुनी आणि आपली आहे, पण पेशा साथींमुळे उभा राहिला. आधी फौजेच्या घोड्यांसाठी, मग गुरांसाठी. म्हणून त्याच्या मुळाशी नोंद, कळवणं आणि जबाबदारी घेणं आहे.

जबाबदारी कुणाची हे ठरवायला कायदा लागतो. इंग्लंडमध्ये पशुवैद्यांना १८४४ मध्ये राजसनद मिळाली, आणि नोंदणी नसलेल्यानं स्वतःला पशुवैद्य म्हणवू नये असा कायदा १८८१ मध्ये झाला. आपल्याकडं भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आला तो १९८४ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी. त्यानुसार नोंदणीकृत पदवीधरालाच पशुवैद्यक व्यवसाय करता येतो. पदविकाधारकांना सरकारनं ठरवून दिलेल्या किरकोळ सेवा, नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि मार्गदर्शनाखाली देता येतात.

तुमच्या गावातले दोघे त्यात बसतात. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला मला आवडत नाही, आणि ते बरोबरही होणार नाही. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा झाल्या आणि बरेच दवाखाने त्यांच्याकडं आले. श्रेणी एकच्या दवाखान्यात पदवीधर, श्रेणी दोनच्या दवाखान्यात पर्यवेक्षक, अशी रचना रुळली. जत, आटपाडी, माण यांसारख्या तालुक्यांत जिथं डॉक्टर यायलाच तयार नसत, तिथं मोटारसायकलवर लशीचा डबा बांधून हीच माणसं पोचली. कृत्रिम रेतन घराघरांत नेलं तेही मुख्यतः त्यांनीच. त्यांच्याशिवाय हा डोलारा एक दिवस चालणार नाही. अडचण होते ती देखरेख कागदावरच राहते तेव्हा.

पलूस भागात एका रात्री म्हैस अडल्याचा फोन आला. दुपारपासून कळा देते, पाण्याची पिशवी बाहेर येत नाही. माझ्या आधी कुणीतरी कळा वाढवायचं इंजेक्शन देऊन गेलं होतं. हात आत घातला तर योनीमार्गाच्या घड्या मळसूत्रासारख्या उजवीकडं वळत गेलेल्या लागल्या. गर्भाशयाला पीळ पडला होता. वाट बंद असताना कळा वाढवल्या तर गर्भाशय फाटू शकतं. म्हशीला उजव्या कुशीवर पाडलं, पुढचे आणि मागचे पाय वेगवेगळे बांधले, वरच्या कुशीवर फळी आडवी टाकून एका माणसाला जमिनीकडच्या टोकावर उभं केलं आणि पाच-सहा जणांनी तिला पिळाच्याच दिशेला हळूहळू पालटलं. तत्त्व असं की फळीनं गर्भाशय जागच्या जागी धरायचं आणि म्हैस त्याच्याभोवती फिरवायची. दुसऱ्यांदा पालटल्यावर हात घातला तर घड्या सरळ झालेल्या, आणि पाठोपाठ पाण्याचा लोट आला. रेडकू जिवंत निघालं. उलट्या दिशेला पालटलं असतं तर पीळ आणखी घट्ट झाला असता. पीळ डावा की उजवा हे बोटांना कळण्यासाठी आत काय कसं बांधलेलं असतं ते डोळे मिटून दिसावं लागतं. सुरुवातीला शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवतात ती यासाठी. मुलीला तेव्हा कंटाळा येईल, तिला हे सांगून ठेवा.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते औषधाबद्दल आहे. डायक्लोफेनॅक स्वस्त होतं, तापाला आणि सांध्यांना गुण देत होतं, त्यामुळे सगळेच ते सर्रास टोचायचे. मेलेल्या जनावराच्या मांसात उरलेल्या तेवढ्या औषधानं गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. हे लक्षात येईपर्यंत देशातली गिधाडं जवळपास संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आता तेच प्रतिजैविकांचं चाललंय. दगडी झालेल्या कासेत ट्यूब सोडायची आणि त्याच संध्याकाळी दूध डेअरीला घालायचं, हे मी रोज बघतो. किती दिवस दूध बाजूला काढायचं ते सांगणं आणि मालकाच्या तोंडावर ठामपणे सांगणं हाही उपचारच आहे.

कामाचा पोत आपल्या भागात माझ्या डोळ्यांदेखत बदलला. सुरुवातीला माझ्याकडं येणारी जनावरं बहुतेक बैल होती: खांदा, खूर, लंगडणं, खच्चीकरण. बेंदराच्या आधी बैलांची गर्दी. मग पाणी आलं, ऊस आला, वाळवा, पलूस, कराड पट्ट्यात होल्स्टिनच्या संकरित गाई आल्या आणि बैलाची जागा ट्रॅक्टरनं घेतली. आता कासदाह, व्याल्यावर खाली बसणारी गाय, माजावर न येणं, गाभ न राहता उलटणं हेच जास्त. कॅल्शियम कमी पडून बसलेली गाय शिरेतून कॅल्शियम दिल्यावर अर्ध्या तासात उठते आणि लोक नमस्कार करतात. पण ते द्रावण घाईनं सोडलं तर हृदय बंद पडतं, म्हणून एक हात बाटलीवर आणि कान छातीला. त्याहून महत्त्वाचं, ती गाय भाकडकाळात काय खात होती ते विचारून उरलेल्या गाई वाचवायच्या असतात. २०२२ मध्ये लंपी आली तेव्हा तरुण डॉक्टरांना पहिल्यांदाच कळलं की साथ म्हणजे काय. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचत त्यांनी दिवसरात्र एक केली. आमच्या पिढीला बुळकांडीनं जे शिकवलं ते त्यांना लंपीनं शिकवलं.

आता मुलगी म्हणून जी शंका आहे त्याबद्दल. ॲलीन कस्ट नावाच्या बाईंनी एडिनबरोला हे शिक्षण पूर्ण केलं, पण बाई म्हणून त्यांना तिथल्या पशुवैद्यांच्या संस्थेनं नोंदणी नाकारली. १९१९ मध्ये कायदा बदलला, त्यानंतर १९२२ मध्ये ती मिळाली. मधली वर्षं त्या आयर्लंडमध्ये घोड्यांवर आणि गुरांवर काम करतच होत्या. आज आपल्या महाविद्यालयांत मुली मोठ्या संख्येनं आहेत. "ताकद लागते" हे चुलत्यांचं म्हणणं अर्धं खरं. ओढायला माणसं गोठ्यात असतात. डॉक्टरचं काम वासराचं डोकं आणि पाय नीट जागेवर आणण्याचं, आणि शेळी किंवा पहिलारू कालवड असेल तिथं लहान हात वरदान असतो. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलींनी शेळ्यांची अशी बाळंतपणं केली आहेत जिथं माझा हात शिरलाच नसता. काळजी घ्यायची ती वेगळ्या गोष्टींची. रात्री-अपरात्री वस्तीवर जाताना सोबत कोण, हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर घरानं विचार करावा. आणि वार अडकलेल्या किंवा गाभ टाकलेल्या जनावरात उघडा हात कधी घालायचा नाही. सांसर्गिक गर्भपाताचे जंतू माणसाला लागले तर येणारा-जाणारा ताप आणि सांधेदुखी महिनोन्महिने पिच्छा सोडत नाहीत. रेबीजची आगाऊ लसही पहिल्याच वर्षी घ्यायला सांगा.

पैसा आणि नोकरी यांचं उत्तर मात्र परिस्थितीवर आहे. पशुधन विकास अधिकारी व्हायचं तर लोकसेवा आयोगाची परीक्षा, आणि जागा कधी निघतील ते कुणाच्या हातात नाही. खासगी व्यवसाय करायचा तर तालुका बघून. पलूस-वाळव्यात दुधाच्या गाईंवर चांगलं चालतं. जत-आटपाडीत मेंढ्या आणि शेळ्या जास्त, तिथं एकेका जनावरामागं फी फार मिळत नाही, कळपाच्या हिशेबानं काम उभं करावं लागतं. सांगली-मिरज किंवा सातारा शहरात कुत्री-मांजरं, तिथं भांडवल आणि यंत्रं लागतात. कोंबड्यांच्या, खाद्याच्या आणि लशींच्या कंपन्यांतही जागा असतात. घरात दूध धंदा आहे का, कर्ज काढून शिकणार आहे का, लग्नाची घाई आहे का, यावर उत्तर बदलेल. ते मला इथून ठरवता येणार नाही.

वर्षांचा हिशेब असा: साडेचार वर्षं अभ्यासक्रम आणि एक वर्ष आंतरवासिता. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय १९८८ पासूनचं, तुमच्यापासून जवळचं आणि चांगलं आहे. मी परळला शिकलो तेव्हा साताऱ्याच्या पोरांना मुंबई गाठावी लागायची, खोलीच्या भाड्यातच घरचा पैसा जायचा.

फॉर्म भरायच्या आधी एक करा. विट्याच्या किंवा जवळच्या कुठल्याही श्रेणी एकच्या दवाखान्यात डॉक्टरांना विचारून मुलीला आठवडाभर सकाळी पाठवा. नुसती इंजेक्शनं बघायला नको. रजिस्टरमध्ये काय लिहितात ते तिनं वाचावं, एखादं पोस्टमॉर्टेम होत असेल तर शेवटपर्यंत उभं राहावं, आणि मालक रडत असताना किंवा भांडत असताना डॉक्टर काय बोलतात ते ऐकावं. तेवढं बघूनही तिला जायचंच असेल तर तिला अडवू नका, आणि चुलत्यांना माझा निरोप सांगा की बैलाच्या खांद्याला विळा न लावता आधी जू बदलून बघा.